व्हेंच्युरी खत ओढत नाही, उलट पाणीच बादलीत येते

प्रश्न
नमस्कार. माझ्या २ एकर डाळिंबाला ठिबक आहे आणि खत सोडण्यासाठी मेन लाइनला बायपास काढून त्यावर पाऊण इंची व्हेंच्युरी (मध्ये अरुंद होणारी, खत ओढून घेणारी नळी) बसवली आहे. काल १२:६१:०० हे विद्राव्य खत भिजवून नळी बादलीत सोडली, तर खत ओढले जाण्याऐवजी नळीतून पाणीच बादलीत येऊ लागले आणि पाहता पाहता बादली भरून वाहिली. मेनच्या व्हॉल्व्हआधीचा दाबाचा गेज २ किलो (प्रति चौरस सेंमी) दाखवतो, पुढचा १.८. व्हेंच्युरीला ना मोटर ना पंखा. मग ती ओढते तरी कशी, हे समजले तर दोष शोधता येईल.

उत्तर १
दोष तुमच्या गेजवरच दिसतो आहे. व्हेंच्युरीच्या मधल्या अरुंद गळ्यातून तेवढेच पाणी जायचे असल्याने त्याला वेग वाढवावा लागतो आणि त्या वेगासाठी लागणारी ऊर्जा पाण्याच्या दाबातून खर्च होते, म्हणून गळ्यापाशी दाब कोसळतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी १७९७ साली याविषयी लिहिले. गळ्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, की बादलीतल्या द्रावणावर टेकलेली हवा ते नळीतून वर ढकलते. आपण ‘ओढते’ म्हणतो, पण काम हवेच्या दाबाचे असते. वर आलेले द्रावण वेगवान धारेत घुसळले जाते आणि पुढच्या हळूहळू रुंद होणाऱ्या भागात वेग उतरून दाब बराचसा परत मिळतो.

२ किलोचा दाब गळ्यात हवेच्या दाबापर्यंत खाली आणायचा, तर तिथे पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. पुढे १.८ किलो दाब अडून बसल्यावर बायपासमधून तेवढे पाणी जातच नाही. गळ्यात हवेहून जास्त दाब राहतो आणि पाणी नळीतून बाहेर पडते. बायपासमधून जास्त पाणी जावे म्हणून मेनचा व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत पुढचा गेज १.४ किंवा १.३ वर आणा.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. दाब तसा उतरवल्यावर नळी काढून व्हेंच्युरीच्या तोंडावर अंगठा धरावा. अंगठा आत खेचला गेला तर व्हेंच्युरी ठीक आहे आणि बिघाड नळीत, म्हणजे सैल जोडात किंवा चोंदलेल्या जाळीत शोधावा. व्हेंच्युरीवरील बाणही पाहावा, कारण उलटी बसवल्यास ती नीट चालत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पुढचा गेज १.३ वर येताच अंगठा चांगलाच खेचला गेला आणि २० लिटर द्रावण १८ मिनिटांत गेले.

उत्तर १
म्हणजे तासाला साधारण ६७ लिटर. ही नोंद ठेवा, कारण दाब बदलला की हा वेगही बदलेल. कॅल्शियम नायट्रेट मात्र १२:६१:०० सोबत एका बादलीत भिजवू नका, साका धरून ड्रिपर चोंदतात. आणि एक कळकळीने विचारतो: मेनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारा) आहे ना? खत चालू असताना वीज गेली, तर पाइपातले पाणी विहिरीकडे उतरताना बादलीतले खतही सोबत नेऊ शकते. त्या विहिरीचे पाणी घरी पिण्यात असेल, तर तो व्हॉल्व्ह बसेपर्यंत खत सोडणे थांबवा.