खरेदीत मनाचा कौल धरावा की मीटरचा आकडा?

छावनीकर (चर्चेचा प्रस्ताव)

इंदूरच्या छावनी मंडीत सोयाबीनची आवक सुरू झाली की ओलाव्यावरून रोज वाद होतात, हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. मी तेल काढणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. आमचे सर्वांत जुने खरेदीदार, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, लांब परखीने, म्हणजे पोत्यात-ढिगात खुपसून नमुना काढायच्या पोकळ सळईने, काढलेले दाणे तळहातावर पसरतात, त्यांतला एक दाताखाली धरतात आणि तो कट्‌कन दुभंगला की चपटून दातांना चिकटला एवढ्यावरून ओलावा सांगतात. मग बाही वर सारून कोपरापर्यंत हात ट्रॉलीतल्या मालात खुपसतात आणि थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. हमीभावाच्या सरकारी खरेदीत १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि आमच्याकडेही तीच मर्यादा धरली जाते. ओलावा मोजणारा मीटर ११ दाखवत असतानाही काका कधीकधी माल नाकारतात, आणि कारण विचारले तर ‘मन घेत नाही’ एवढेच सांगतात.

आता व्यवस्थापनाने लेखी नियम केला आहे: मर्यादेत बसणारा माल घ्यायचाच, आणि नाकारायचा असेल तर मोजून दाखवता येईल असे कारण नोंदवायचे. माझ्या मते हा नियम चुकीचा आहे. मीटर दाण्यांचा विद्युत गुणधर्म मोजून ओलावा काढतो, आणि तोही त्याच्यात ओतलेल्या मूठभर नमुन्याचा. ट्रॉलीच्या तळाशी भिजलेला थर असेल आणि परखी वरच्या अर्ध्यातच फिरली असेल, तर त्या थराची मीटरला खबरच लागत नाही. असा माल गोदामात गेला की ढीग आतून तापतो, बुरशी धरते, तेलातील मुक्त मेदाम्ले वाढतात आणि शुद्धीकरणात जास्त घट सोसावी लागते.

गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला. पर्यायांची तुलना करत न बसता ते ओळखीच्या खुणांवरून थेट निर्णय घेतात, असे त्याला आढळले. त्याने सांगितलेल्या एका प्रसंगात घरातली आग पाण्याने आटोक्यात येईना, खोली वाजवीपेक्षा जास्त गरम आणि आवाज मात्र कमी, म्हणून काही कळण्याआधीच अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढले. पाठोपाठ जमीन खचली, कारण खरी आग खाली तळघरात होती. त्या अधिकाऱ्याला त्या क्षणी लेखी कारण मागितले असते तर काय झाले असते? काकांसारख्यांना नकाराचा अधिकार असावा, असे माझे म्हणणे आहे. विरोधी मतांचे स्वागत आहे.

हिशेबतपासनीस

छावनीकर साहेब, गोष्ट उत्तम सांगितलीत. पण अग्निशमन अधिकाऱ्याचा अंदाज बरोबर होता की नाही हे काही मिनिटांत सगळ्यांना दिसले. काकांनी नाकारलेली ट्रॉली पुढे कुठे गेली, दुसऱ्या कारखान्याने ती घेतली का, तिथे तो माल तापला का, हे तुमच्याकडे कोण पाहते? घेतलेला माल बिघडला तर काकांना कळते. नाकारलेला माल उत्तम निघाला तर ते कधीच कळत नाही. ज्या निर्णयाची चूक दिसण्याची सोयच नाही, त्यात माणूस आयुष्यभर अचूक ठरत राहतो.

मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साधी आकडेमोड यांची तुलना करणारे उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा आकडेमोड बहुतेक ठिकाणी सरस किंवा निदान बरोबरीची ठरली होती. आणि शेतकऱ्याचाही विचार करा. देपालपूरहून किंवा सांवेरहून भाड्याच्या ट्रॅक्टरने माल आणणाऱ्याला १२च्या आत आकडा असूनही ‘मन घेत नाही’ म्हणून परत पाठवायचे, तर त्याने दाद कुणाकडे मागायची? आकड्याशी भांडता येते, दुसऱ्या मीटरवर तपासा म्हणता येते. मनाशी कुणी भांडावे?

पीथमपूर दुसरी पाळी

मी छावनीकरांच्या बाजूने आहे. आमच्याकडे जुना फिटर गिअरबॉक्सच्या कवचाला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून मूठ कानाशी धरतो आणि कुठले बेअरिंग जाणार ते सांगतो. कंपनमापकाचा आकडा तेव्हा हिरव्या पट्ट्यातच असतो. लेखी पुरावा मागण्याच्या हट्टापायी काय होते याचे मोठे उदाहरण म्हणजे चॅलेंजर अवकाशयान. २८ जानेवारी १९८६च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीमुळे रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचा धोका सांगितला, त्यांना आकड्यांनी सिद्ध करायला सांगितले गेले, ते जमले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत सात जणांचा बळी गेला.

हिशेबतपासनीस

भाऊ, चॅलेंजरचे उदाहरण नेमके माझ्या बाजूचे आहे. आकडे होते, ते पुरते मांडले गेले नाहीत. त्या रात्री चर्चा झाली ती ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांचीच, इजा न झालेली उड्डाणे शेजारी ठेवलीच गेली नाहीत. चौकशी आयोगाने सगळी एकत्र मांडली तेव्हा दिसले की कड्यांचे तापमान सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असलेल्या वीस उड्डाणांपैकी तिनांतच इजा होती, आणि सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी असलेल्या चारही उड्डाणांत होती. हा तक्ता त्या रात्री समोर असता तर कुणाच्या मनाचा कौल लावण्याची वेळच आली नसती. तुमच्या फिटरबद्दल मात्र मला आदर आहे, कारण त्याने सांगितलेले बेअरिंग उघडून पाहता येते.

मुलाखतवाली

मी विजयनगर भागातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरभरती पाहते आणि या वादात दोन्ही दादांना थोडे थांबवू इच्छिते. मनाच्या कौलाचे कट्टर टीकाकार मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि वर उल्लेख आलेले क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र निबंध लिहिला आणि ते बऱ्याच अंशी सहमत झाले: ज्या क्षेत्रात खुणा आणि परिणाम यांचा नेमका संबंध असतो आणि आपण चुकलो की बरोबर हे वेळीच कळत राहते, तिथे अनुभवी माणसाचा अंदाज विश्वासार्ह ठरू शकतो, एरवी त्याला स्वतःविषयी वाटणारी खात्री हा कसलाही पुरावा नव्हे. दाणे ओळखणे पहिल्या प्रकारात मोडते असे मला वाटते. माणसे ओळखणे नाही. तरीही आमच्याकडे प्रत्येक साहेबाला वाटते की उमेदवार दारातून आत येतानाच आपल्याला तो कळतो, आणि असा ‘कळलेला’ उमेदवार पुष्कळदा साहेबांच्याच कॉलेजचा निघतो.

काहनेमन यांनी १९५०च्या दशकात इस्रायली सैन्याच्या मुलाखतींसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात सहा गुणांना एकेक करून स्वतंत्र गुण द्यायचे होते. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र समजता का म्हणाले, तेव्हा त्यांना सवलत मिळाली: सहाही गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि तुमचा एकंदर अंदाज सांगा. हा शेवटचा अंदाज सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयुक्त ठरला, जुन्या पद्धतीतल्या मोघम मतापेक्षा कितीतरी सरस. माझ्या दृष्टीने यातला क्रम मोलाचा आहे. काकांनी आधी मीटर, वास, रंग, तळाचा नमुना हे सगळे नोंदवावे आणि मग हात खुपसून मन काय म्हणते ते सांगावे.

रामबागचे आजोबा

आमच्या वेळी मीटरही नव्हता आणि हा वादही नव्हता. माल मात्र तेव्हाही बिघडायचा.

छावनीकर

ताई, क्रमाची सूचना मला मान्य आहे आणि मी ती वर पाठवणार आहे, जरी लिलाव संपल्यावर तोलकाट्यापुढे ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना पाच रकाने भरणे किती जमेल याची शंका आहे. ओव्हनमध्ये दाणे वाळवून वजनातली घट मोजण्याची प्रयोगशाळेतली रीत सर्वांत खात्रीची, पण तिला तास लागतात आणि ट्रॅक्टरवाला थांबत नाही.

हिशेबतपासनीस साहेबांना मात्र सांगतो की मी काकांना खरेदीचा अधिकार मागत नाही, थांबवण्याचा मागतो. मीटर १४ दाखवत असताना ‘मन म्हणते घ्या’ असे त्यांनी म्हटले तर मीही ऐकणार नाही. एक ट्रॉली परत गेली तर आमचे नुकसान थोडे असते. एक ओली ट्रॉली मोठ्या ढिगात मिसळली तर ढीग जातो. ज्या चुकीची किंमत इतकी असमान आहे, तिथे बिनकारणाचा नकारही परवडतो.

हिशेबतपासनीस

तुम्हाला परवडतो, ट्रॅक्टरवाल्याला नाही. त्याच्या वहीत तो नकार भाडे, हम्माली आणि एक फुकट गेलेला दिवस असा लिहिला जातो. तरी ते क्षणभर बाजूला ठेवू. सौदा लिलावाच्या बोलीवर ठरतो आणि नकार नंतर काट्यावर येतो, म्हणजे मधल्या वेळात भाव हलू शकतो. तेव्हा नकाराचा अधिकार देण्यापूर्वी एवढेच करा: काकांच्या नकारांच्या तारखा आणि त्या दिवसांचे मंडीतले भाव शेजारी-शेजारी लिहून काढा. भाव पडत असलेल्या दिवशी मन जास्त वेळा ‘घेत नसेल’, तर ते ओलावा ओळखत नाही, बाजार ओळखते आहे, आणि काकांना स्वतःलाही ते ठाऊक नसेल. चढत्या आणि पडत्या भावात नकाराचे प्रमाण सारखेच निघाले, तर मी निदान या एका प्रकरणापुरता माझा विरोध मागे घेईन.

छावनीकर

तक्ता करतो. नकाराच्या तारखा काट्याच्या नोंदवहीत मिळतील, भाव मंडी समितीकडून. मात्र तो होईपर्यंत काकांनी नको म्हटलेला माल मी ढिगात मिसळू देणार नाही. वेगळा उतरवून ठेवीन, म्हणजे तो तापतो की नाही हेही आपल्या दोघांना पाहता येईल.