रविवारचा ‘हार्ट पॅकेज’ कॅम्प: नावं द्या

सचिव: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी ७ ते १० क्लबहाउसमध्ये रक्ततपासणी कॅम्प. ‘हार्ट पॅकेज’, ६८ तपासण्या, १,९९९ रुपये. २५ नावं झाली तरच लॅबवाले येणार.

कुलकर्णी काका, ए-१०३: कुलकर्णी २. उपाशी यायचं का?

नितीन, सी-५०१: ६८? एवढं असतं तरी काय रक्तात 😄

माधुरी काकू, बी-२०४: डॉक्टर वहिनींनी आधी यादी बघावी. मागच्या कॅम्पचे रिपोर्ट अजून कपाटात पडलेत, कोणाला कळले नाहीत.

डॉ. वहिनी, बी-६०२: पाहिली. २० च्या वर तर एकट्या सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, आकडे आहेत. लिपिडमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, भागाकार करून काढलेली गुणोत्तरंही वेगळी मोजलीत. आणि एपोबी, आणि वारशाने येणाऱ्या कोलेस्टेरॉल-कणांची एलपी लिटल ए, या हृदयाच्या दोन्ही तपासण्या नाहीत! हार्ट पॅकेज म्हणे.

नितीन: वहिनी, एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल, असतं की. मग हे एपोबी कशाला?

डॉ. वहिनी: पिंपळगावला कांद्याच्या गाड्या लागतात ना, तसं समज. एलडीएल म्हणजे गाड्यांत मिळून माल किती. एपोबी म्हणजे गाड्या किती, कारण कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या अशा प्रत्येक कणावर एपोबी एकच असतं. रस्ता तुंबतो तो गाड्यांनी. शुगर, पोट, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेल्यांत थोडा थोडा माल भरलेल्या गाड्या फार. एलडीएल बरं दिसतं आणि आपण खूश.

संजय, डी-३०२: एलपी लिटल ए बद्दल मी सांगतो. धाकट्या भावाला ४२ व्या वर्षी अटॅक आला. सिगारेट नाही, तंबाखू नाही, दर रविवारी पांडवलेणी चढायचा. त्याच वर्षी कंपनीच्या चेकअपमध्ये एलडीएल ११८, शेरा ‘नॉर्मल’. अँजिओप्लास्टीनंतर ही तपासणी केली तर ११२ मिलिग्रॅम. मग मी केली. ९६.

माधुरी काकू: बाई गं. आम्हाला माहीतच नव्हतं.

डॉ. वहिनी: ५० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे धोका वाढलेला. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे १२५ धरा. आकडा आईवडिलांकडून येतो, फारसा बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी चालते. आपल्याकडे साधारण चारातल्या एकाची जास्त निघते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही २०२४ मध्ये एकदा तरी करा असंच सांगितलंय.

कुलकर्णी काका: पथ्याने, चालण्याने कमी होते का?

डॉ. वहिनी: नाही काका. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही नाही.

कुलकर्णी काका: मग करायची कशाला? उगाच जिवाला घोर. रोज गोल्फ क्लबवर पाच फेऱ्या मारतो मी.

संजय: काका, मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या ९६ मुळेच डॉक्टरांनी माझं एलडीएल ७० च्या खाली आणलं, बीपीची गोळी सुरू केली. मुलीचीही तपासणी करायला सांगितली. नाहीतर मी ‘नॉर्मल’ म्हणून बसलो असतो.

नितीन: यादीत एचएस-सीआरपी आहे, शरीरातली सूज दाखवणारी. मला गेल्या आठवड्यात व्हायरल होता.

डॉ. वहिनी: मग आत्ता करू नकोस. ताप, सर्दी, सुजलेली दाढ, कशानेही तो चढतो. बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी बघू. आणि ट्रोपोनिनवर, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या तपासणीवर, भुलून कोणी यायचं नाही. छातीत दुखतंय, घाम फुटतोय, तर रविवारची वाट न बघता १०८ लावा. रिपोर्ट चांगला आला तरी बीपी मोजायचंच. तंबाखू मळणाऱ्यांनी माझ्याकडे बघूसुद्धा नये 🙏

सचिव: लॅबशी बोललो. लिपिड, एपोबी, एलपी लिटल ए, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) एवढंच करून देतील. ३० नावं हवीत.

माधुरी काकू: बी-२०४, दोघं.

कुलकर्णी काका: उपाशीचं राहिलंच.

डॉ. वहिनी: या चारांना गरज नाही काका. पण ट्रायग्लिसराइड जास्त निघाले तर उपाशी पुन्हा बोलावतील, म्हणून मिसळ नंतर.

कुलकर्णी काका: कुलकर्णी ३ करा. मुलगा शनिवारी पुण्याहून येतोय.

सचिव: लिहिलं. आणि ए विंगच्या लिफ्टसमोरची स्कूटर कोणाची आहे ती काढा.