मजुरी ठरवताना श्रद्धा कोठे आणि न्याय कोठे? याकोब व लाबान यांच्या कराराविषयी

प्रश्न : यंत्रमाग कारखान्यातील हिशेबनीस, पूर्व भाग, सोलापूर

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात लाबान आपल्याकडे राबणाऱ्या भाच्याला, याकोबाला, स्वतःहून वेतन सांगायला लावतो. याकोब लाबानाची धाकटी मुलगी राहेल हिच्याशी लग्न व्हावे म्हणून सात वर्षे राबतो, त्याच्या पदरी थोरली लेआ पडते आणि राहेलसाठी त्याला आणखी सात वर्षे मान्य करावी लागतात. पुढे ठिपकेदार शेळ्या आणि काळी कोकरे एवढीच मजुरी तो मागतो. लाबान होकार देतो आणि त्याच दिवशी तशी जनावरे वेगळी काढून मुलांच्या हवाली करतो. तेव्हा ठिपकेदार पिल्ले जन्मावीत म्हणून याकोब सोललेल्या फांद्या कळपाच्या पाण्यापुढे ठेवण्याचा उपाय योजतो. आमच्याकडे नगाचा दर ठरताना मालक आणि कामगार दोघेही देवाला साक्षी ठेवतात, म्हणून विचारतो : याकोबाने देवावर भरवसा ठेवला, की स्वतःच्या चतुराईवर?

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका

फांद्यांपेक्षा उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय लक्षपूर्वक वाचावा, असे मला वाटते. लाबानाने दहा वेळा वेतन बदलले, तरी देवाने त्याला माझे वाईट करू दिले नाही, असे याकोब तेथे सांगतो; म्हणजे कळप वाढल्याचे श्रेय तो फांद्यांना देत नाही. पण त्याच अध्यायात तो वीस वर्षांचा हिशेबही मांडतो : दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने जाळले, झोप उडाली आणि जनावरांनी फाडलेल्या मेंढरांचे नुकसान त्याने स्वतः सोसले. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायानुसार फाडलेले जनावर पुरावा म्हणून आणून दाखवले, तर राखणदाराला भरपाई द्यावी लागत नाही. नियम जे मागत नाही तेही याकोबाने भरून दिले. बिड्यांची छाट काढून, म्हणजे काही बिड्या नापास ठरवून, मजुरी कापली जाते, हे पाहत वाढलेल्या सोलापूरकराला त्या वाक्याचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही. याकोबाची श्रद्धा हिशेब सोडून देणारी नव्हती; चोख हिशेब हातात घेऊन तो देवापुढे आणि लाबानापुढे उभा राहिला.

उत्तर २ : कामगार कायद्याचा अभ्यासक

वरील उत्तर पटते, पण याकोबाला देवाशिवाय दुसरा आधार उरला नव्हता, हीच त्या कथेतील अडचण आहे. पुढे बायबलमधील नियमशास्त्राने ती जबाबदारी वेतन देणाऱ्यावर टाकली. मजुराचे वेतन सकाळपर्यंत ठेवून घेऊ नये, असे लेवीय १९:१३ सांगते. अनुवाद या पुस्तकात (२४:१५) ते सूर्यास्तापूर्वी द्यावे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर टांगलेला आहे, अन्यथा तो परमेश्वराकडे गाऱ्हाणे करील आणि तुला दोष लागेल, असे म्हटले आहे. मिश्ना या यहुदी नियमांच्या प्राचीन संग्रहातील ‘बावा मेत्सिया’ भागात तर, ज्या गावी लवकर येण्याची आणि उशिरापर्यंत थांबण्याची रीत नाही तेथे मालकाला मजुरांवर तशी सक्ती करता येत नाही, असा नियम आहे. सौद्यात एकटा पडलेला मजूर घासाघीस करून जे मिळवू शकत नाही, ते गावची रीत त्याला मिळवून देते.

उत्तर ३ : बिडी कामगारांच्या वस्तीतील वाचक

मिश्नावरील चर्चा ज्यात आहे त्या तालमुद ग्रंथाच्या त्याच ‘बावा मेत्सिया’ भागातील एक प्रसंग जोडतो. रब्बा बार बार हनान यांच्या हमालांकडून द्राक्षारसाचे पिंप फुटले, तेव्हा त्यांनी हमालांचे अंगरखे काढून घेतले. हमाल राव नावाच्या यहुदी धर्मपंडिताकडे गेले. राव यांनी अंगरखे परत द्यायला सांगितले. ‘हा नियम आहे का?’ या रब्बांच्या प्रश्नावर राव यांनी बायबलच्या नीतिसूत्रांतील, सज्जनांच्या मार्गाने चालण्याविषयीच्या वचनाचा आधार दिला. मग हमाल म्हणाले, ‘आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही.’ राव यांनी मजुरीही द्यायला लावली.