फील्ड कॅमेरा डोंगरावर नेणे आणि वाऱ्यात उभा करणे

प्रश्न: ४×५ इंची फिल्मचा घडीचा फील्ड कॅमेरा पायी डोंगरावर नेण्याचा विचार आहे. मोनोरेलपेक्षा (एका दांड्यावर बसवलेल्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा) तो आटोपशीर असला, तरी लेन्स, फिल्म होल्डर (फिल्म ठेवायच्या चपट्या चौकटी), फोकस करताना डोक्यावर घ्यायचे काळे कापड आणि ट्रायपॉड मिळून ओझे बरेच होते. सामान कसे भरावे आणि वाऱ्यात कॅमेरा स्थिर कसा ठेवावा?

उत्तर १: जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. फिल्म होल्डर मात्र बंद पिशव्यांतच न्यावेत, कारण निगेटिव्ह फिल्मवर बसलेला धुळीचा कण प्रिंटमध्ये काळा ठिपका होऊन उमटतो. दोन लेन्स पुरतात. तिसरी बहुधा पिशवीतच राहते.

उत्तर २: खरी अडचण वाऱ्याची आहे. लेन्स आणि फिल्म यांच्यामधला लांब ताणलेला घडीचा भाता शिडासारखा वारा धरतो, म्हणून दृश्य परवानगी देत असेल तर कमी फोकल लांबीची लेन्स वापरावी, म्हणजे भाता थोडाच उघडावा लागतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये. खाली वजन टांगायचे असल्यास ते जमिनीला किंचित टेकलेले असावे, नाहीतर तेच झोके घेते. लेन्सच्या एफ/२२ किंवा त्याहून लहान छिद्रामुळे एक्स्पोजर लांबते, तेव्हा काळे कापड आधी काढून झुळूक ओसरण्याची वाट पाहणे, हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

उत्तर ३: आधी ट्रायपॉड समतल करावा, टिल्ट (लेन्स किंवा फिल्मची बाजू कलवणे) वगैरे हालचाली नंतर. फोकस झाल्यावर शटर मिटल्याची खात्री करून होल्डर हलक्या हाताने सरकवावा आणि मगच डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी पातळ पट्टी) ओढावी. एक्स्पोजरनंतर ती काळी बाजू बाहेर ठेवून परत घालावी.