झोपेत लकवा झाला तर वेळ कधीपासून धरतात? आणि हातासाठी आता नवीन काही निघालंय का?

द्राक्षबागवाला (निफाड तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना (वय ६८, बीपी आहे, गोळी कधी घेतात कधी नाही) ऑक्टोबरमध्ये ऐन छाटणीत लकवा झाला. रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा एकदम व्यवस्थित होते, पहाटे पावणेपाचला मोटर चालू करायला उठले तर डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली, घालायचे आणि दोन पावलांवर परत निसटायची, आणि पाय उघडा पडलाय हे त्यांना कळतच नव्हतं. मी मागून दोनदा उचलून दिली, मला वाटलं झोपेत आहेत. मग चहाचा कप डाव्या हातातून सुटला. चुलते म्हणाले अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा, त्यात तास गेला. गावातल्या डॉक्टरांनी बीपी १९० बघून जिभेखाली गोळी दिली, मग तालुक्याला सीटी केला, रक्तस्राव नाही म्हणाले, आणि नाशिकला पोचेपर्यंत साडेअकरा. तिथे सांगितलं की रात्री दहापासून धरायचं, साडेतेरा तास झाले, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली, आता गोळ्या.

आता अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो चोवीस तासांपर्यंत तार घालून गुठळी काढतात. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. खरंच काही करता आलं असतं का? आप्पा आता काठीने चालतात पण डावा हात नाहीच, बागेत घडांना पेपर लावायचं चाललंय आणि ते बांधावर खुर्ची टाकून नुसते बघत बसतात. बघवत नाही हो.

सिस्टर_पंचवटी

दादा, मी १४ वर्षं न्यूरो आयसीयूत काम करते, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते म्हणून लिहिते.

मावसभाऊ खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगितलंय. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज ३ असे दोन मोठे अभ्यास छापून आले, त्यातल्या डॉनमध्ये ६ ते २४ तासांतले पेशंट घेतले होते. तार घालून गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते आणि नुसत्या औषधावर ठेवलेल्यांपैकी १३ टक्के, म्हणजे केवढा फरक बघा. पण ते सगळे मोठी रक्तवाहिनी बंद झालेले पेशंट होते, आणि मेंदूचा बराच भाग अजून वाचवण्यासारखा आहे हे स्कॅनवर दिसल्यावरच त्यांना घेतलं होतं. बारीक नसेत अडलं असेल तर तिथे तार जातच नाही. तुम्ही डिस्चार्ज कार्ड काढा आणि लॅक्युनर (म्हणजे बारीक नसेतला) असं काही लिहिलंय का बघा, मग पुढचं बोलू.

आणि ती जिभेखालची गोळी. हे मी दर आठवड्याला बघते आणि जीव तुटतो. नस अडलेली असते तेव्हा शरीर मुद्दाम बीपी वाढवून पलीकडे रक्त ढकलत असतं, ते एकदम पाडलं तर जो भाग तग धरून असतो तोही जातो. २०२४ मध्ये चीनमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं, २४०० च्या वर पेशंट, तर रक्तस्राव असलेल्यांना फायदा झाला आणि गुठळीवाल्यांचं नुकसान झालं. आता तुम्हीच सांगा, सीटीच्या आधी घरात कोणाला कळणार आत काय आहे? ॲस्पिरिनचंही तेच, सीटीआधी द्यायची नाही. घास-पाणी पण नको, ठसका लागतो.

द्राक्षबागवाला

ताई कार्ड काढलं. "उजवी बाजू, इंटर्नल कॅप्सूल, लॅक्युनर इन्फार्क्ट" असं आहे.

सिस्टर_पंचवटी

मग तारेचं मनातून काढून टाका, ती आप्पांसाठी नव्हतीच. हे मी समजूत काढायला सांगत नाहीये, खरं तेच सांगतेय.

इंजेक्शनचं मात्र खरं सांगावं लागेल कारण तुम्ही विचारलंत. वेळ शेवटचं ठीक बघितलं तेव्हापासून धरतात, म्हणून ते रात्री दहा म्हणाले, बरोबरच आहे. पण झोपेतून उठून कळलं असेल तर एमआरआयवरून अंदाज येतो. एका प्रकारच्या फोटोत डाग दिसतो आणि दुसऱ्या प्रकारच्या फोटोत तो अजून उमटलेला नसतो, म्हणजे सगळं ताजं आहे. यावरच २०१८ मध्ये वेक-अप नावाचा अभ्यास झाला, असे पेशंट निवडून कळल्यापासून साडेचार तासांत इंजेक्शन दिलं, तर चांगले बरे झालेले ५३ टक्के निघाले आणि न दिलेल्यांत ४२. म्हणजे पावणेपाचपासून सव्वानऊच्या आत एमआरआय असलेल्या ठिकाणी पोचला असता तर डॉक्टरांनी विचार केला असता. फक्त विचार, दिलंच असतं असं नाही. साडेअकराला तो दरवाजाही बंद झाला होता.

चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, ही खूण आहे हे तुम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, त्यात तुमचा काय दोष.

सिडकोकर

आमच्या आईला मागच्या वर्षी दुपारी स्वयंपाकघरात झाला, तोंड वाकडं, बोलणं बोबडं. शेजारच्या पोराने १०८ ला फोन केला आणि आम्ही आधी हॉस्पिटलला फोन करून विचारलं की सीटी आत्ता चालू आहे का आणि न्यूरोचे डॉक्टर आहेत का. सव्वा तासात इंजेक्शन. आधी अल्टेप्लेस द्यायचे, थोडं एकदम आणि बाकीचं तासभर पंपावर, आईला टेनेक्टेप्लेस दिलं, एका झटक्यात सुईने संपलं. डॉक्टर म्हणाले आपल्याकडे हे लकव्यासाठी आधीपासून वापरात आहे, पुण्यातली कंपनी बनवते, अमेरिकेत मंजुरी २०२५ मध्ये आली. तालुक्यातून पेशंट पाठवायचा असेल तर हे सोयीचं, सुई देऊन लगेच गाडीत घालता येतो, पंप सांभाळत न्यावा लागत नाही.

खर्चासाठी जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो आणि कागदांसाठी पळापळ झाली.

फिजिओ_गंगापूररोड

भाऊ, हाताबद्दल मी सांगतो. तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण तीन महिन्यांनी थांबते हे खरं नाही, आणि हे सांगून लोक घरी बसवतात त्याचा मला फार राग येतो. आधी एक बघा, हात टेबलावर ठेवून आप्पांना मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येतात का? येत असतील तर चांगल्या हाताला जाड मोजा घालून बांधून ठेवायचा आणि सगळी कामं अधू हातानेच करून घ्यायची. २००६ चा एक्साइट नावाचा अभ्यास याचाच आहे, ३ ते ९ महिने झालेले पेशंट, दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ तो मोजा घातलेला. आप्पा बरोबर त्याच काळात आहेत. पण काठी उजव्या हातात असते ना, चालताना मोजा काढायचा, नाहीतर पडतील. बोटं अजिबात हलत नसतील तर आरशाचा व्यायाम, मध्ये आरसा उभा करून चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला वाटतं डावाच हलतोय.

नवीन म्हणाल तर अमेरिकेत २०२१ मध्ये एक यंत्र मंजूर झालंय, छातीत बसवतात, तार मानेतल्या व्हेगस नसेला जोडलेली, पेशंट हात उचलायला लागला की त्याच क्षणी बारीक झटका देतात. व्यायाम तर करावाच लागतो, आणि अभ्यासात नऊ महिन्यांच्या पुढचेच पेशंट होते, म्हणून आप्पांसाठी आज तरी तो विषय नाही. फ्लुऑक्सेटिनच्या गोळीने हात सुधारतो असं २०११ मध्ये वाटलं होतं, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो फायदा टिकला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, तर कोणी सुचवलं तर नीट विचारून घ्या.

उचलून बसवताना डावा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि नुसता रबरी बॉल दाबायला देऊ नका हो. छाटणीची कात्री बंद करून धरायला द्या, पेपर लावायच्या क्लिपा क्रेटच्या काठाला लावायला द्या.

द्राक्षबागवाला

तुमचं वाचून आत्ताच बघितलं. मनगट उचलतात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं पण थोडी उठतात, करंगळीकडची दोन नाही. क्रेट आणि क्लिपा खुर्चीशेजारी आणून ठेवल्यात. पहिली क्लिप चार वेळा खाली पडली, पाचव्यांदा लागली, मग माझ्याकडे न बघताच म्हणाले दुसरी दे.

गावातल्या डॉक्टरांकडे उद्या जातो, भांडायला नाही. रात्री कुठला सीटी आणि कुठला एमआरआय चालू असतो ते दोघं मिळून फोन करून लिहून ठेवतो, आईलाही बीपी आहे. ताई, अजून एक, आईची गोळी संपून आठ दिवस झालेत हे आज कळलं. तीच परत चालू करू की आधी दाखवू?

सिस्टर_पंचवटी

उद्या जाताच आहात ना, आईंना सोबत घेऊन जा, बीपी मोजू द्या आणि मगच चालू करा. आठ दिवसांची कसर काढायला एकदम दोन देऊ नका.