लेखाला लेखकाचं नाव टाकलं की साइट गूगलवर वर येते?

गंगापूररोडवाला
निफाडच्या एका द्राक्ष सल्ला साइटचं काम माझ्याकडे आहे. मालकांना एका एजन्सीचं कुणीतरी पटवून गेलंय की प्रत्येक लेखावर लेखकाचं नाव, फोटो आणि चार ओळींची ओळख टाकली की गूगलमध्ये पहिल्या पानावर याल. त्याचे वेगळे पैसे मागितलेत. माझं म्हणणं, ही शुद्ध फेकाफेकी आहे.

गूगलने हा खेळ करून झालाय. २०११ मध्ये ऑथरशिप आणली. लेख गूगल प्लस या त्यांच्या सोशल साइटवरच्या आपल्या प्रोफाइलला जोडला की निकालात शेजारी लेखकाचा फोटो यायचा. जून २०१४ मध्ये फोटो काढले आणि वर सांगितलं की लोकांच्या क्लिक करण्यात फारसा फरक पडत नाही. ऑगस्टमध्ये नावही काढलं. २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लसच मिटलं. मग आता कशाचे पैसे?

रँकवाला_सातपूर
अर्धीच गोष्ट सांगताय दादा. निकालात दाखवणं बंद झालं, लेखक बघणं नाही. गूगल ज्या माणसांकडून निकालांचा दर्जा तपासून घेतं त्यांच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार, विश्वासार्हता हे निकष होतेच. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात अनुभवाची भर पडली. साइटवाल्यांसाठीच्या सूचनांतही हा प्रश्न आहेच, लेख कोणी लिहिलाय हे वाचणाऱ्याला दिसतं का?

गंगापूररोडवाला
त्या तपासनिसांच्या गुणांनी कुठल्याही एका पानाचा क्रमांक थेट हलत नाही, हेही गूगलच सांगतं. आणि बायलाइन, म्हणजे लेखकाच्या नावाची ओळ, गूगलसाठी नाही, वाचकासाठी टाका, हेसुद्धा त्यांच्याच माणसांनी सांगून झालंय.

रँकवाला_सातपूर
आणि मे २०२४ मध्ये त्यांची आतली कागदपत्रं फुटली, त्यात लेखकाचा रकाना निघाला, त्याचं काय?

गंगापूररोडवाला
रकाना आहे म्हणजे त्याला वजन आहे असं कुठे लिहिलंय? त्या कागदांत कशाला किती महत्त्व हे दिलेलंच नाही.

दिंडोरीचा बागायतदार
राम राम. मला साइट गूगलवर वर आणायचं ते एसईओ-बिसईओ कळत नाही, पण असल्या साइटींचं गिऱ्हाईक मीच आहे म्हणून बोलतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोंब फुटताना) ते फुलोरा या काळात पाऊस झाला की डाऊनी (केवडा) रोगाच्या धास्तीने झोप लागत नाही. मोबाईल उघडावा तर पाच ठिकाणी तोच लेख, तीच औषधांची यादी, आणि खाली ‘लेखक: अॅडमिन’. हा अॅडमिन बागेत कधी उतरलाय का? जमीन हलकी की काळी, वाण थॉमसन की सोनाका, माल लोकलचा की एक्स्पोर्टचा, काही पत्ता नाही. एक्स्पोर्टचा असेल तर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे यावरच सगळं अडतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश जास्त निघाले म्हणून युरोपने भारतातली द्राक्षं अडवली होती, ते इथे कोणी विसरलेलं नाही. म्हणून मी आधी कोण लिहितंय ते बघतो. एकदा एखाद्याचं पटलं की पुढच्या वेळी रोगाच्या नावाबरोबर त्या माणसाचंच नाव टाकून शोधतो.

रँकवाला_सातपूर
घ्या! भाऊ म्हणतात एसईओ कळत नाही, आणि मुद्द्याचं तेच बोलले. नाव टाकून जो शोधतो त्याच्यासाठी पहिल्या पाचात यायची मारामारीच नाही. नाव असेल तर दुसरे लोक त्या नावाने लिंक देतात, कार्यक्रमाला बोलावतात, तिथूनही लिंक येते. अॅडमिनला कोण बोलावणार?

गंगापूररोडवाला
मान्य, पण ते त्या माणसाने वर्षानुवर्षं बागा फिरून कमावलेलं असतं. एजन्सी विकतेय ती फोटोची चौकट.

शब्दांवर_पोट
चौकटीत तरी खरं माणूस असतं का, हे विचारा आधी. मी शब्दाच्या दराने लिहिते. लेख माझा, खाली नाव डॉक्टरांचं, आणि कित्येकदा डॉक्टरांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या साइटवर अस्तित्वातच नसलेले लेखक सापडले, फोटोसुद्धा एआयने बनवलेले. नावाला गूगलमध्ये भाव आहे असं तुम्ही लोक सांगत सुटलात म्हणून हे धंदे चालतात. लेख मी लिहिला आणि तज्ज्ञांनी तपासला असेल तर तसंच लिहा ना, दोघांची नावं टाका. त्यात लाजायचं काय?

रँकवाला_सातपूर
ताई, खोट्या नावांची बाजू मी कुठे घेतली? पण खोटी नावं निघाली म्हणून खऱ्याचं लपवायचं, हे काही पटत नाही.

पंचवटी_कोडर
भांडण चालू द्या, कामाचं सांगतो. निफाडच्या त्या साइटचा सोर्स उघडून पाहा. वर्डप्रेसवर पहिल्या दिवशी बनवलेलं अॅडमिन खातंच स्कीमात, म्हणजे गूगलला पानाची माहिती सांगणाऱ्या कोडमध्ये, लेखक म्हणून बसलेलं असणार. नावाच्या जागी फक्त नाव हवं. ‘डॉ.’, हुद्दा, ‘लेखन:’ हे काही त्यात कोंबायचं नाही. पदवीला आणि हुद्द्याला वेगळे रकाने आहेत. दोन लेखक असतील तर दोन वेगळ्या नोंदी करायच्या, मधे स्वल्पविराम टाकून एकात नाही. आणि लेखकाच्या पानाचा पत्ता द्यायचा, म्हणजे एकाच नावाच्या दोन माणसांत घोळ होत नाही. गूगलच्या सूचनांत हे सगळं फुकट वाचायला मिळतं.

गंगापूररोडवाला
अॅडमिनच आहे, आत्ताच पाहिलं. सल्ला देणाऱ्या तिघांची नावं मालकांकडून मागवतो, उद्या बसवून टाकतो. पण बिलावर ‘रँकिंग वाढ’ असं काही लिहिणार नाही.

दिंडोरीचा बागायतदार
नावासोबत तारीख पण टाका. आणि त्या तिघांपैकी एक्स्पोर्टची बाग कोणाची आहे, तेवढं लिहा.