कामाचा ताण संपला, तरी थकवा आणि धास्ती का जात नाही?

उंबरठा (प्रश्न):

नमस्कार. मी बरीच वर्षे हिशेब तपासणीच्या विभागात काम करत होते. तिथे माणसे कायम अपुरी असत, एक मुदत संपते न संपते तोच दुसरी येत असे, आणि रात्री उशिरा आलेल्या निरोपालाही त्याच वेळी उत्तर द्यावे लागे. काही महिन्यांपूर्वी माझी बदली झाली. नव्या विभागात कामाची वेळ ठरलेली आहे, वरिष्ठ समजूतदार आहेत, आणि काम माझ्या आवाक्यातले आहे. त्यामुळे आता प्रकृती सुधारेल असे वाटले होते, पण घडले ते उलटेच. त्या धावपळीत मी कशीबशी उभी होते, आणि आता मात्र पार गळून गेले आहे. पहाटेच जाग येते आणि जाग येतानाच छाती धडधडत असते. दुपारनंतर साधा अहवाल वाचतानाही तीच ओळ पुन्हा वाचावी लागते. फोनवर नोटिफिकेशनचा आवाज झाला की पोटात गोळा येतो, मग तो निरोप कामाचा नसला तरीही. घरची माणसे म्हणतात, "आता तर सगळे ठीक आहे ना?" त्यावर काय सांगावे हे मला सुचत नाही.

ताण संपल्यानंतर असे का व्हावे? अशा वेळी पूर्ण विश्रांती घ्यावी की नेटाने व्यायाम सुरू करावा? आणि आधी कोणाकडे जावे, नेहमीच्या डॉक्टरांकडे की मानसोपचारतज्ज्ञांकडे?

प्रतिसाद, पाणवठा:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे लिहून निदान करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा.

आपण लिहिलेला क्रम आम्हाला वारंवार पाहायला मिळतो. ताण चालू असतो तेव्हा मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी शरीराला सतत सज्ज ठेवते, आणि त्या सज्जतेमुळे थकव्याची जाणीव दबून राहते. वारंवार जुळवून घेण्याची जी किंमत शरीर मोजत राहते, तिच्यासाठी ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये एक स्वतंत्र संकल्पना मांडली. झोप, रक्तदाब, पचन, स्मरणशक्ती या सर्वांवर त्या किमतीचा भार पडतो, आणि ताणाचे कारण दूर झाले म्हणून तो लगेच उतरत नाही. पहाटेच्या धडधडीविषयी एवढे सांगता येईल की जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी बहुतेक निरोगी माणसांतही वाढते. दीर्घकाळ धास्तावलेले मन मात्र शरीराच्या या नेहमीच्या हालचालीलाच धोक्याची खूण समजते, आणि मग ती धडधड आणखी वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, 'बर्नआउट' हा आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलेला आहे. शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे, अशी त्याची तीन अंगे सांगितली आहेत. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून दीर्घ ताणानंतरच्या गळाठ्याचे स्वतंत्र निदान केले जाते. त्याच्या निकषांत किमान सहा महिने चाललेला ताण, एकाग्रतेतील अडचण, झोपेची मोडतोड आणि छातीतील धडधड यांचा उल्लेख आहे. सांगण्याचा हेतू इतकाच की आपण जे अनुभवत आहात ते काल्पनिक नाही, आणि सुधारणा काही महिन्यांच्या हिशेबाने मोजावी लागते.

तरीही आधी नेहमीच्या डॉक्टरांकडेच जावे. रक्तक्षय, लोहाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मधुमेह आणि झोपेत श्वास अडखळणे या सर्वांत थकवा येतो. थायरॉइडचे कार्य वाढले असेल तर धडधड आणि अस्वस्थताही हुबेहूब अशीच जाणवते. 'अधिवृक्क ग्रंथी थकल्या आहेत' असे सांगून महागड्या चाचण्या आणि पूरक गोळ्या विकल्या जातात, पण असे निदान वैद्यकशास्त्रात मान्य नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका.

चिंता किती आहे हे ताडण्यासाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी. छातीत दाब किंवा कळ, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, अथवा जगू नये असे विचार येणे, यांपैकी काहीही असेल तर प्रश्नावलीच्या नादी न लागता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रतिसाद, पायवाट:

मी या वाटेने गेलो आहे, म्हणून 'विश्रांती की व्यायाम' या तुमच्या प्रश्नाविषयीच लिहितो, कारण मला सर्वांत अधिक गोंधळ तिथेच दिसतो.

दिवसभर पडून राहिल्याने थकवा जात नाही. रात्रीची झोप मात्र विस्कटते, आणि रिकाम्या वेळात काळजीला मोकळे रान मिळते. उलट, एखाद्या दिवशी बरे वाटले की साठलेली सगळी कामे उरकून टाकण्याचा मोह होतो आणि पुढचे काही दिवस अंथरुणात जातात. थकव्याइतकीच ही चढ-उतार माणसाला खचवते, कारण आपल्या शरीरावरचा विश्वासच उडतो. मला उपयोग झाला तो असा, की वाईट दिवशीही जमेल एवढीच मर्यादा ठरवायची आणि चांगल्या दिवशीही ती ओलांडायची नाही. सुरुवात थोड्या सावकाश चालण्याने करावी आणि ते अंगवळणी पडल्यावरच वाढवावे. दुसऱ्या दिवशीही थकवा वाढलेलाच राहिला, तर आपण फार पुढे गेलो असे समजून एक पाऊल मागे यावे.

झोपेच्या बाबतीत झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे. पहाटे जाग आल्यावर साधारण वीस मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही, तर उठून मंद प्रकाशात शांतपणे काहीतरी करत बसावे आणि झोप येऊ लागली की परत आडवे व्हावे. घड्याळ पाहू नये. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, कारण कॅफिनची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. धडधड सुरू झाली की श्वास सावकाश घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. मिनिटाला सुमारे सहा श्वास असा तो वेग असतो. त्याने काळजी नाहीशी होत नाही, पण शरीर निवळायला लागते.

प्रतिसाद, कंदील:

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण सगळा भार पुन्हा त्या एकट्या माणसावरच पडतो आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की केवळ जास्त काम तितके घातक नसते. मागणी मोठी आणि काम कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक अत्यल्प, ही जोडी अधिक बाधते. तुमचे वरिष्ठ समजूतदार आहेत, तर त्याचा उपयोग करून घ्या. अवघड काम सकाळी करण्याची मुभा, एका वेळी एकच मोठे काम, आणि कार्यालयाच्या वेळेनंतर निरोप न पाहण्याविषयी स्पष्ट सहमती, एवढे तरी मागता येईल. आजाराचा सगळा तपशील सांगण्याची गरज नाही. प्रकृतीच्या कारणाने काही काळ कामाची अशी मांडणी हवी आहे, इतके सांगणे पुरेसे आहे.

उंबरठा:

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. चाचण्यांसाठी उद्याच वेळ घेते. आणखी दोन गोष्टी विचारते. फोनचा आवाज कायमचा बंदच ठेवावा का? आणि मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिले, तर त्याची सवय लागेल ही भीती कितपत खरी आहे?

प्रतिसाद, पाणवठा:

काही आठवडे रात्री फोन बंद ठेवणे योग्यच आहे. दिवसा मात्र तो पूर्ण टाळू नये, कारण ज्याला आपण टाळत राहतो त्याची धास्ती टिकून राहते. ठरलेल्या दोन-तीन वेळी निरोप पाहावेत. आवाज सुरू करायचा तो आधी घरच्या माणसांच्या निरोपांसाठी आणि मग हळूहळू इतरांसाठी. आवाज झाला तरी लगेच फोन उचलायचा नाही. पोटातला गोळा आपोआप विरतो, हे शरीराला अनुभवानेच कळावे लागते. विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी) हेच पद्धतशीरपणे शिकवले जाते आणि दीर्घकालीन निद्रानाशातही या उपचाराच्या खास पद्धतीला पहिली पसंती दिली जाते.

औषधांबाबत दोन गट वेगळे समजून घ्यावेत. झोप आणणाऱ्या व तत्काळ शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या अल्पकाळच आणि देखरेखीखाली घ्याव्यात. चिंतेवर अधिक वापरल्या जाणाऱ्या, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या औषधांची तशी ओढ लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी ठाऊक नसल्याने अनेक जण नेमक्या त्याच टप्प्यावर औषध सोडतात. बरे वाटल्यावरही ते स्वतःहून एकदम बंद करू नये, मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी. प्रत्येकालाच औषध लागते असे नाही, तेव्हा आधी चाचण्यांचे निष्कर्ष येऊ द्या.